सहा ग्रॅमचा पक्षी आणि हिमालयातली थंडी

हिमालयात सुमारे ३,००० मीटर उंचीवर हिवाळ्यात पारा उणे १० अंशांपर्यंत उतरतो, आणि तरीही गोल्डक्रेस्ट नावाचा जेमतेम सहा ग्रॅम वजनाचा पक्षी तिथल्या झाडांमध्ये किडे टिपत फिरत असतो. त्याच्या शरीराचे तापमान मात्र ४० अंशांच्या आसपास असते. पिसांच्या पातळ थराच्या आत आणि बाहेर एवढा ५० अंशांचा फरक तो दिवसरात्र कसा पेलतो, हा प्रश्न त्याला तिथे पाहून पक्षिशास्त्रज्ञ साहस बर्वे यांना पडला.

प्रश्न साधा नाही. शरीर जितके लहान, तितका वजनाच्या तुलनेत त्वचेचा पृष्ठभाग जास्त आणि उष्णताही तितक्याच वेगाने निसटणार. म्हणूनच थंड प्रदेशातले प्राणी आकाराने मोठे असतात, असा नियम जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बर्गमन यांनी १८४७ मध्ये मांडला होता. त्या नियमाने गोल्डक्रेस्टचे कोडे सुटत नाही; त्यासाठी पिसाकडेच बारकाईने पाहावे लागते.

पक्ष्याच्या अंगावरच्या एकाच पिसाचे दोन भाग असतात. टोकाकडचा भाग घट्ट विणलेला असून तो वारा आणि पाणी अडवतो, तर बुडाकडचा भाग लवेसारखा मऊ आणि विस्कटलेला असतो. या लवेत हवा अडकून राहते आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. रजईतला कापूस हेच काम करतो. बर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेल्या हिमालयातील २४९ जातींच्या गाणाऱ्या पक्ष्यांचे १,७१५ नमुने घेऊन त्यांच्या छातीवरच्या पिसांची सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे काढली आणि प्रत्येक पिसात लवेचा वाटा किती, हे मोजले. एकही पक्षी नव्याने न मारता, पूर्वी कोणीतरी जपून ठेवलेल्या नमुन्यांतून हे उत्तर मिळाले, याचे मला विशेष वाटते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की जास्त उंचीवर राहणाऱ्या पक्ष्यांच्या पिसांत लवेचे प्रमाण अधिक असते, आणि पक्षी जितका लहान, तितकी त्याची पिसे शरीराच्या मानाने लांब असतात. म्हणजे गोल्डक्रेस्टला थंडी आणि लहान आकार या दोन्हींची भरपाई पिसांतूनच करावी लागते. यात सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी, की हे पक्षी एकाच कुळातले नाहीत. एकमेकांशी दूरचे नाते असलेल्या वंशांनी डोंगर चढताना स्वतंत्रपणे हाच उपाय गाठला आहे.