मिसुरी नदीवर एका इंचाची किंमत

अमेरिकेतल्या जुन्या आगबोटी म्हटलं की बहुतेकांना बॉयलरचा स्फोट आठवतो. २७ एप्रिल १८६५ रोजी मेम्फिसजवळ मिसिसिपी नदीत ‘सुलताना’ फुटली, हजाराहून अधिक माणसं गेली आणि ते चित्र मनात कायमचं बसलं. पण मिसुरी नदीवर आगबोटीत पैसा घालणाऱ्याला बुडवलं ते मुख्यतः झाडांनी. लष्करी अभियंता हायरम चिटेंडन याने १८९७ मध्ये या नदीत गेलेल्या जवळजवळ तीनशे बोटींची यादी केली. त्यात बॉयलर फुटून गेलेल्या बोटी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. सर्वांत मोठा वाटा ‘स्नॅग’चा, म्हणजे नदीत रुतलेल्या ओंडक्यांचा.

मिसुरी सतत काठ पोखरते. काठावरचं कॉटनवूडचं (पॉप्लरच्या जातीचं) झाड मुळांशी धरलेल्या मातीसकट पाण्यात पडतं. बुंध्याकडचा जड भाग तळाला जातो, मुळांभोवती गाळ साचतो आणि झाड तिथंच रुतून बसतं. प्रवाह शेंड्याला खालच्या दिशेला वळवतो, फांद्या झडतात आणि उरतो तो प्रवाहाच्या दिशेने तिरपा रोखलेला भाला. त्याचं टोक पाण्याखाली वीतभर असलं तरी गढूळपणामुळे दिसत नाही. खालून वर येणारी बोट नेमकी त्या टोकावर चढते. ५ सप्टेंबर १८५६ रोजी ‘अरेबिया’ अक्रोडाच्या अशाच ओंडक्यावर आदळून काही मिनिटांत बुडाली.

मग तळ जाड का करत नव्हते? इथे आर्किमिडीज आडवा येतो: तरंगती बोट आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, म्हणजे वजन वाढलं की ती आणखी खोल बसते, आणि उथळ नदीत खोल बसणं परवडत नाही. ‘बर्ट्रांड’ ही बोट १६१ फूट लांब आणि ३३ फूट रुंद होती. टोकांचा निमुळतेपणा वजा केला तर पाण्याला टेकलेलं क्षेत्रफळ अंदाजे ४,२५० चौरस फूट. बोट एक इंच खोल बसली की साधारण ३५४ घनफूट पाणी बाजूला सरतं. एका घनफुटाचं वजन ६२.४ पौंड, म्हणजे इंचाला सुमारे २२,००० पौंड, जवळपास दहा टन. १८६६ मध्ये सेंट लुइसहून माँटानातल्या फोर्ट बेंटनला माल नेण्याचा दर पौंडाला १२ सेंटपर्यंत गेला होता. त्या हिशेबाने एका इंचाचं भाडं २,६०० डॉलर! तळाच्या फळ्या जाड केल्या तर हे भाडं प्रत्येक फेरीला बुडतं. म्हणून फळ्या पातळ, आणि पातळ म्हणून ओंडका आरपार.

जळणही याच इंचांतून जातं. मोठ्या बोटीला दिवसाला २५ कॉर्ड लाकूड लागे. एक कॉर्ड म्हणजे १२८ घनफुटांचा रचलेला ढीग, सुकं कॉटनवूड असेल तर साधारण एक टन. एका दिवसाच्या लाकडालाच अडीच इंच खोली! त्यामुळे थोडंच लाकूड भरायचं आणि रोज थांबायचं.

आता वेळेचा हिशेब. सेंट लुइस ते फोर्ट बेंटन सुमारे २,३०० मैल, प्रवाहाविरुद्ध दोन महिने. डोंगरातलं बर्फ वितळून जूनमध्ये नदी चढते आणि जुलैअखेर ओसरते. वर्षाला बहुधा एकच फेरी. वाळूत रुतलं की पुढच्या बाजूचे दोन मोठे वासे नदीच्या तळाला तिरपे टेकवायचे, दोर कॅपस्टनवर (दोर ओढायच्या उभ्या फिरत्या खांबावर) गुंडाळत बोट उचलायची आणि पुढे ढकलायची. यात तास जातात, कधी दिवस, आणि खलाशांचा पगार चालूच. उशीर झाला तर माल फोर्ट बेंटनच्या अलीकडे काऊ आयलंडजवळ उतरवून पुढे बैलगाड्यांनी न्यावा लागे.

नफ्याचा आकडा मात्र डोळे दिपवणारा. १८६६ च्या एका हंगामात ‘पीटर बेलन’ने ८०,००० डॉलर कमावल्याची नोंद आहे. पण असे आकडे तरलेल्या बोटींचेच असतात, आणि त्यांच्यावर भाळून पैसे घालणं चूक आहे. ‘बर्ट्रांड’ १ एप्रिल १८६५ रोजी, पहिल्याच हंगामात, ओंडक्यावर आदळून बुडाली. तिच्या पोटात मोठा खजिना असल्याची अफवा शंभर वर्षं टिकली. १९६८ मध्ये अवशेष सापडले तेव्हा निघाले बूट, कुदळी, लोणच्याच्या बाटल्या आणि अशा लाखो वस्तू. मौल्यवान पारा बोट बुडाल्यावर लगेच विमा कंपन्यांनी धाडलेल्या, पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांनी बराचसा काढून नेला होता.

जाणते लोक म्हणून पूर्ण बोट एकट्याने घेत नसत. बोटीचे आठ किंवा सोळा भाग करून, आपल्या भाषेत दोन आणे किंवा एक आणा भागी घेत, आणि भांडवल अनेक बोटींत विखुरत. विमा असे, पण तो महाग पडे, आणि बुडालेल्या हंगामाचं भाडं त्यातून भरून निघत नसे.

एका धोक्यावर मात्र भागीचाही उपाय नव्हता. १८६९ मध्ये प्रशांत महासागरापर्यंतचा रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि माँटानाचा माल युटातल्या कॉरिन या रेल्वे स्थानकाहून बैलगाड्यांनी जाऊ लागला. १८७३ मध्ये रेल्वे बिस्मार्कला, म्हणजे थेट मिसुरीच्या काठाला आली. दर पडले आणि सगळ्याच बोटींचे पडले. बोट मोडीत काढताना किंमत यायची ती बॉयलर आणि इंजिनाला. ती उचलून दुसऱ्या तळावर बसवत. लाकडी तळाचे मात्र फार पैसे येत नसत.