नदीला वास आला कुणामुळे?

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याला सामिकोन म्हणून जुनं ठिकाण आहे, तिथे अनिग्रोस नावाची नदी होती आणि तिला इतका घाण वास यायचा की स्ट्राबो हा भूगोलकार लिहितो वीस स्टेडियापर्यंत जायचा, म्हणजे साधारण साडेतीन किलोमीटर. नदीजवळ एक गुहा, आणि गुहेत जलपऱ्या, अनिग्रिडीस. आता गंमत बघा, एवढ्या वासाच्या पाण्यात लोक मुद्दाम यायचे. अंगावर डाग, चट्टे असलेला माणूस आधी गुहेत जाऊन पऱ्यांना नवस बोलायचा, मग अंगाचा खराब भाग पुसून काढायचा आणि नदी पोहून पलीकडे जायचा. रोग पाण्यात राहिला, माणूस बरा होऊन बाहेर, आणि "एकाच रंगाचा" होऊन, हे पॉसेनियस नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनकारानं इसवी सनाच्या २ऱ्या शतकात लिहून ठेवलंय. तो शब्द लक्षात ठेवा, त्यावर परत येऊ.

पण औषधी पाण्याला असा वास का? लोकांना कुणीतरी आरोपी हवाच असतो. एक गोष्ट अशी की हेराक्लीसचा (आपला हर्क्युलिस) बाण एका सेंटॉरला (अर्धा माणूस, अर्धा घोडा) लागला, बाणाला हायड्रा ह्या अनेक तोंडांच्या सापाचं विष लावलेलं, त्यानं जखम नदीत धुतली आणि पाणी नासलं. दुसरी गोष्ट तर आपल्याला लगेच कळेल अशी आहे. प्रोइटस राजाच्या मुलींना वेड लागलं होतं, मेलाम्पस नावाच्या मांत्रिकानं ते उतरवलं आणि उतारा आणून टाकला ह्या नदीत! पुढे ख्रिस्ती काळात त्याच जागेला कायाफास नाव पडलं, तर लोक सांगायला लागले की येशूला दोषी ठरवणारा पुजारी कायाफास जहाज फुटून इथे लागला आणि त्यानं अंघोळ केल्यामुळे पाणी वास मारतं.

पॉसेनियस मात्र ह्यातल्या पहिल्या दोन गोष्टी सांगून झाल्यावर शांतपणे म्हणतो की मला वाटतं ज्या मातीतनं पाणी वर येतं तिच्यामुळे वास येत असणार. मला हा माणूस ह्या एका वाक्यासाठी आवडतो, कारण साधारण तसंच आहे.

कायाफासला आजही गंधकाचे कोमट झरे आहेत. वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड गॅसचा, सडक्या अंड्याचा असतो ना तोच. जमिनीखालच्या पाण्यात सल्फेट विरघळलेलं असतं आणि जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे काही बॅक्टेरिया श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी हे सल्फेटच वापरतात आणि हा गॅस सोडतात. त्यात अनिग्रोसचं मुख समुद्राच्या वाळूनं तुंबायचं, पाणी साठून दलदल व्हायची, म्हणजे कुजायला अजून माल. आपलं नाक ह्या गॅसला भयंकर तिखट आहे, अगदी नाममात्र असला तरी कळतो. उलट प्रमाण फार वाढलं तर नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, आणि खरा धोका तेव्हाच असतो.

माशांचं पण पॉसेनियसनं बारीक बघितलंय. अनिग्रोसला अकिडास नावाची उपनदी मिळायची, तिच्यात असेपर्यंत मासे खायला चांगले, वाहत अनिग्रोसमधे आले की तोंडात घालवत नाहीत. मासा तोच, पाणी बदललं.

आता रोग बरा व्हायचा का? इथे "एकाच रंगाचा" हा शब्द कामाला येतो. ग्रीक लोक अल्फोस आणि लेउके अशी दोन नावं घेतात, दोन्ही पांढऱ्या डागांची, आणि नक्की कुठला रोग हे आज छातीठोकपणे नाही सांगता येत. पण त्यात शिबं असतील तर? शिबं म्हणजे कातडीवरच्या यीस्टचा (एक प्रकारची बुरशीच) उद्योग आणि त्यावर आजही डॉक्टर सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू लावायला देतात. गंधक कातडीचा वरचा मेलेला थर सैल करतं, बुरशीला मारक ठरतं, खरजेला गंधकाचं मलम तर आपल्याकडे घरोघरी माहीत होतं. म्हणजे पऱ्यांच्या पाण्यात थोडंफार औषध होतंच, फक्त एका अंघोळीत काम व्हायचं नाही, कारण यीस्ट मेलं तरी कातडीचा रंग परत यायला कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात.

ह्या पऱ्या नुसत्या बऱ्या करायच्या असंही नाही बरं का, धरायच्या पण. पऱ्यांनी पछाडलेल्याला ग्रीक लोक निम्फोलेप्टोस म्हणायचे. अथेन्सजवळ वारीच्या गुहेत आर्केडेमोस नावाच्या माणसानं दगडावर स्वतःलाच असं म्हणवून घेतलंय. भर दुपारी विहिरीवर जाऊ नको, आसरा धरतील, हे ज्यांनी लहानपणी ऐकलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

कोड असलेला माणूस मात्र नदी पोहून तसाच पलीकडे निघाला असणार, कारण कोडात रंग बनवणाऱ्या पेशीच गेलेल्या असतात, तिथे गंधक काय करणार. त्यानं बोललेला नवस फेडला की नाही, हे पॉसेनियस लिहीत नाही.