ग्रेडफ्लेशन की मार्केट ग्रेडिंग? दोन तक्रारी, एकच शिवी

लिलावाच्या कॅटलॉगात सेंट-गॉडन्स डबल ईगलचा, म्हणजे अमेरिकेच्या वीस डॉलरच्या जुन्या सोन्याच्या नाण्याचा, मोठा फोटो असतो. स्लॅबवर, म्हणजे नाणं सीलबंद केलेल्या प्लास्टिकच्या डबीवर, ग्रेड एमएस ६२. नाण्यावरच्या लिबर्टीच्या गुडघ्यावर आणि छातीवर रंग जरा मळकट, चमक तुटलेली. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘हे तर सरळ एयू ५८. ग्रेडफ्लेशन कुठवर आलंय बघा!’ बाकीचे माना डोलावतात. निरीक्षण बरोबर आहे, निदान चुकलेलं आहे. गुडघा घासलेला आहे यात वादच नाही. पण अशीच घासलेली डबल ईगल अगदी सुरुवातीच्या काळातल्या एमएस स्लॅबमध्येही आहेत. मग फुगलं काय?

शेल्डन स्केल, म्हणजे नाण्याची ग्रेड मोजायची पट्टी, तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. १ ते ७० आकडे, ५० ते ५८ एयू (किंचित झिजलेलं), ६० पासून पुढे एमएस (मिंट स्टेट, न झिजलेलं), कागदावरची सीमारेषा म्हणजे झीज. ॲनॅक्स, पीसीजीएस, एनजीसी या ग्रेड देणाऱ्या संस्था आणि त्या ग्रेड तपासून स्टिकर लावणारी सीएसी ही नावंही नवी नसतील. यावर वेळ घालवत नाही.

ग्रेडफ्लेशन म्हणजे निकष तेच, पण त्याच निकषांवर तेच नाणं काही वर्षांनी जास्त आकडा घेऊन परत येतं. हा काळाचा प्रश्न आहे, आणि तो सिद्ध करायला दोन तारखा लागतात. मार्केट ग्रेडिंगमध्ये निकषच वेगळा असतो. आकडा नाण्याची फक्त अवस्था सांगत नाही, ते नाणं बाजारात कोणत्या पायरीवर विकलं जाईल हे सांगतो. इथे दोन तारखांची गरज नाही, एकाच दिवशी एकाच टेबलावर दोन निकषांचे दोन आकडे पडू शकतात. बहुतेक जण दुसऱ्या गोष्टीचा पुरावा दाखवून पहिल्या गोष्टीचा आरोप करतात.

अवस्थेपुरतं बोलणाऱ्या पद्धतीला टेक्निकल ग्रेडिंग म्हणतात. अमेरिकन न्युमिझमॅटिक असोसिएशनच्या ॲनॅक्सने १९७९ साली ग्रेड द्यायला सुरुवात केली तेव्हा नाण्याबरोबर फोटोचं प्रमाणपत्र येई आणि दोन्ही बाजूंना वेगळा आकडा असे, म्हणजे दर्शनी बाजू ६३, मागची ६५. अभ्यासाच्या दृष्टीने हे उत्तमच. पण नाणं न बघता फोनवर सौदा करणाऱ्या डीलरला ६३/६५ हे उत्तर नको होतं, त्याला एक आकडा हवा होता. शिवाय प्रमाणपत्र एकीकडे, नाणं दुसरीकडे, म्हणजे अदलाबदलीला रान मोकळं. १९८६ मध्ये पीसीजीएसने काम सुरू केलं, १९८७ मध्ये एनजीसीने. नाणं प्लास्टिकमध्ये सीलबंद, वर एकच ग्रेड आणि मागे संस्थेची हमी. ही व्यवस्था डीलरांनी उभी केली आणि तिच्यातला आकडा पहिल्या दिवसापासून बाजाराकडे बघून दिला गेला. ‘पूर्वी शुद्ध टेक्निकल ग्रेडिंग होतं, स्लॅबवाल्यांनी ते हळूहळू सैल केलं’ ही कथा म्हणूनच मला पटत नाही. स्लॅबवाल्यांनी ते सैल केलं नाही, त्यांनी ते वापरलंच नाही.

आणखी मागे गेलं तर गंमत वाढते. डॉ. विल्यम शेल्डन हे मानसशास्त्रज्ञ. १९४९ साली त्यांनी ही श्रेणी मांडली ती सुरुवातीच्या अमेरिकन लार्ज सेंटसाठी, आणि तिचा हेतूच किंमत काढण्याचा होता. प्रत्येक प्रकारच्या सेंटची एक मूळ किंमत ठरवायची आणि तिला ग्रेडने गुणायचं. २० ग्रेडचं नाणं मूळ किमतीच्या २० पट, ७० चं ७० पट. किमतींचं हे गणित लवकरच कोलमडलं, आकडे मात्र उरले. (हेच गृहस्थ अमेरिकन न्युमिझमॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट काढून त्या जागी हलकी ठेवल्याबद्दलही ओळखले जातात. श्रेणीचा जनक म्हणून पूजा करताना हेही लक्षात असू द्यावं.) आकड्यात किंमत मिसळली म्हणून गळा काढणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं. ती मुळातच मिसळलेली होती.

आता जिथे सगळे अडखळतात तिथे येऊ: ५८ आणि ६० यांच्यामधली रेघ.

टेक्निकल ग्रेडरला ही रेघ म्हणजे भिंत. उंच भागावरचा धातू घासला असेल तर नाणं एयू, मग ते कितीही देखणं असो. घासलं कशामुळे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मार्केट ग्रेडर नेमका तोच प्रश्न विचारतो. अनेक डबल ईगल हातोहात फिरलीच नाहीत, पोत्यांतून युरोपातल्या बँकांच्या तिजोऱ्यांत गेली आणि दशकांनी परत आली. त्यांचा गुडघा घासला तो शेजारच्या नाण्यावर. १८०७ ते १८३६ च्या कॅप्ड बस्ट हाफ डॉलरचं असंच. जुन्या संग्राहकांच्या कपाटातल्या ड्रॉवरमध्ये मागेपुढे सरकून गालावर आणि केसांवर हलकी घासण आली, आणि या घासणीला ‘कॅबिनेट फ्रिक्शन’ असं सभ्य नावही मिळालं. मार्केट ग्रेडर म्हणतो, खरेदी करणारा या नाण्याला एमएसचे पैसे देतो, मग मी ते एयू का म्हणू? तो झीज नाकारत नाही, माफ करतो.

त्याच्या बाजूने आणखी एक सबळ मुद्दा आहे. एमएस ६० चं मॉर्गन डॉलर, म्हणजे चांदीचं जुनं डॉलर, डोळ्यांसमोर आणा. हजार डॉलरच्या पोत्यांत एकमेकांवर आदळून गाल खरचटलेला, चमक मेलेली, पण झीज शून्य. शेजारी एयू ५८ ठेवा: स्वच्छ गाल, झळाळती पृष्ठभूमी, कानाच्या वरच्या केसांवर श्वासाएवढी झीज. तुम्ही कोणतं घ्याल? बाजारही तेच घेतो, आणि चांगलं ५८ अनेकदा ६० पेक्षा महाग विकलं जातं. मग किमतीची पायरी सांगणारा आकडा या नाण्याला ६२ म्हणू लागला तर तो आपल्या नियमाने वागतोय. नियम आवडला नाही तर नियमाशी भांडा, ‘दर्जा घसरला’ म्हणू नका.

मला हा नियम अर्धाच आवडतो. ६३ च्या वर ठसा, चमक, खरचटे, रंग हे सगळं तोलून एक आकडा देणं योग्यच आहे, तिथे निव्वळ टेक्निकल मोजणी कोरडी पडते. पण ५८ ची भिंत पाडायला नको होती. एयू ५८ ही सगळ्या श्रेणीतली सर्वांत प्रामाणिक ग्रेड. तिथली देखणी नाणी उचलून ६१-६२ मध्ये नेऊन ठेवल्यामुळे त्या दोन आकड्यांचा अर्थच गेला. ६२ च्या स्लॅबमध्ये एक नाणं खरचटलेलं पण न झिजलेलं, दुसरं झिजलेलं पण सुंदर. ग्राहकाला लेबलवरून काय कळणार?

आणि ही माफी सगळीकडे सारखी निरुपद्रवी नसते. साध्या डबल ईगलमध्ये ५८ आणि ६२ यांच्या किमतीत फारसं अंतर नसतं, सोन्याचा भावच मोठा वाटा उचलतो. १८८४-एस (एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळ) मॉर्गन डॉलर घ्या. एयूमध्ये ते शेकडो डॉलरचं नाणं आहे, एमएस होताच किंमत हजारांत उडी घेते. अशा नाण्याच्या केसांवरची झीज ‘बाजाराला चालते’ म्हणून सोडणं म्हणजे बाजार वाचणं नव्हे, बाजार ठरवणं आहे.

दोन निकष शेजारी बसलेले पाहायचे असतील तर जुन्या तांब्याच्या सेंटचा लिलाव बघा. अर्ली अमेरिकन कॉपर्स हा १९६७ पासूनचा संग्राहकांचा क्लब स्वतःच्या कडक पद्धतीने ग्रेड देतो. आधी झिजेवरून आकडा, मग गंज, ओरखडे, कडेचे घाव यांसाठी कपात करून निव्वळ आकडा. कॅटलॉगात एकाच सेंटखाली दोन्ही छापलेलं असतं, स्लॅबवरचं एमएस ६२ आणि क्लबच्या मापाने एयू ५५. कुणीही याला घोटाळा म्हणत नाही, कारण दोन पट्ट्या आहेत हे तिथे सर्वांना ठाऊक आहे. सोन्या-चांदीवालेच एक पट्टी हातात धरून दुसरीला वाकडी म्हणतात.

कमजोर ठसा आणि झीज यांतला फरक थोडक्यात, कारण तो प्रकाशात कळतो. एकाच दिव्याखाली नाणं तिरकं फिरवा. चमकेचा पट्टा उंच भागावरूनही अखंड सरकला तर ठसा उठलेला नाही, धातू कोरा आहे. पट्टा तिथे तुटून राखाडी ठिपका उरला तर झीज. वॉकिंग लिबर्टी हाफ डॉलरवरच्या सपाट हातावरून वाद घालण्यापूर्वी एवढं करावं. फोटोवरून हे ठरवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

तर मग ग्रेडफ्लेशन झालंच नाही का? झालं आहे, पण ज्या रस्त्याने झालं तो फार थोडे लोक बघतात. समजा शंभर नाणी अगदी ६४ आणि ६५ च्या सीमेवर आहेत. ग्रेडर माणूसच आहे, सकाळी ६४ म्हणेल, दुपारी ६५. पहिल्या फेरीत निम्म्यांना ६४ मिळालं, निम्म्यांना ६५. ६५ वाले गप्प बसतात. ६४ वाले स्लॅब फोडून पुन्हा पाठवतात, त्यातली निम्मी ६५ होऊन येतात. उरलेली पुन्हा फोडतात. चार-पाच फेऱ्यांनंतर जवळजवळ सगळी नाणी ६५ मध्ये आणि ग्रेडरचा हात कणभरही सैल झालेला नाही. चूक दोन्ही दिशांना होते, पण दुरुस्तीचे पैसे एकाच दिशेने मिळतात.

पुढचा टप्पा खऱ्या घसरणीचा. संस्थांकडे नमुना नाण्यांचे संच असतात, पण रोज डोळ्यांखालून जाणाऱ्या ६५ मध्ये ही काठावरची नाणी भरत गेली की ‘साधारण ६५’ म्हणजे काय याची सवय बदलते. संस्थेची हमी जास्त ग्रेड दिल्यावर पैसे मोजायला लावते, म्हणून हा उतार बेफाम होत नाही, पण तो आहे. १९९० मध्ये पीसीजीएसने मॉर्गन डॉलरसाठी संगणकाने ग्रेड देण्याचा प्रयोग जाहीर केला होता, तो टिकला नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ग्रेडिंग वस्तुनिष्ठ आणि सातत्यपूर्ण असल्याच्या पीसीजीएसच्या जाहिरातींवर बोट ठेवलं. म्हणजे हा वाद तुमच्या-माझ्या पिढीचा शोध नाही.

याच गणितातून दोन आवडत्या समजुती मोडतात. पहिली, पॉप्युलेशन रिपोर्ट, म्हणजे कोणत्या ग्रेडची किती नाणी आजवर आली याची संस्थेची यादी. फोडलेल्या स्लॅबचं जुनं लेबल परत केलं नाही तर एकच नाणं रिपोर्टात तीनदा मोजलं जातं. दुसरी, पीसीजीएसचे जुने हिरव्या लेबलचे स्लॅब. ‘त्या काळचं कडक ६४, आज नक्की ६५’ म्हणून लोक वर पैसे मोजतात. अहो, वर जाण्याजोगी होती ती कधीच फोडून वर गेली. जी अजून जुन्या प्लास्टिकमध्ये आहेत त्यांतली बरीचशी कुणीतरी भिंगाखाली पाहून नाकारलेली आहेत. एखाद्या कुटुंबाच्या संग्रहातून पहिल्यांदा बाहेर आलेला स्लॅब वेगळा, दहा डीलरांच्या हातातून आलेला वेगळा.

सीएसीच्या स्टिकरचंही तेच. २००७ पासून हिरवं स्टिकर म्हणजे नाणं त्या ग्रेडमध्ये भक्कम, सोनेरी म्हणजे ग्रेड कमी पडली. स्टिकर नाही याचा अर्थ ग्रेड फुगवलेली असा लावू नका. ६४ च्या तळाशी बसलेलं नाणंही ६४ च असतं, फक्त त्याला स्टिकर मिळत नाही. प्लस ग्रेड, म्हणजे आकड्यापुढे + चिन्ह, २०१० मध्ये आल्या. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, विक्रेत्यांना आहे.

ग्रेडफ्लेशनचा आरोप करायचाच असेल तर एकाच नाण्याचे दोन तारखांचे स्लॅब दाखवा, आणि सोबत त्याच पाकिटातून गेलेली, आकडा न बदलता किंवा घटून परत आलेली नाणीही दाखवा. गुडघा घासलेल्या डबल ईगलचा एक फोटो त्यासाठी पुरत नाही.