काळ्या मातीचा वाफसा आणि हिवाळ्याची परसबाग

नैऋत्य मोसमी पाऊस नागपूर परिसरातून साधारणपणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात माघार घेतो आणि त्यानंतरचे मोजके दिवस हिवाळी परसबागेचे भवितव्य ठरवतात. येथील काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे. तिच्यातील चिकणमातीचे मुख्य खनिज स्मेक्टाइट गटातले असून त्याचे कण अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचावेत तसे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि ते निघून गेले की आक्रसून तिला भेगा पडतात. त्यामुळे सप्टेंबरात चपलेला किलोभर चिकटणारी हीच माती ऑक्टोबरच्या उन्हात कुदळीलाही दाद देत नाही.

या दोन टोकांमधली अवस्था म्हणजे वाफसा. त्या वेळी मोठ्या पोकळ्यांतील पाणी निथळून तेथे हवा आलेली असते आणि लहान पोकळ्यांत मुळांपुरता ओलावा शिल्लक असतो. वीतभर खोलीवरची मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. तो चपटा झाला तर थांबावे. फुटून भुसभुशीत झाला तर त्याच दिवशी खणायला घ्यावे. गोळाच वळत नसेल तर हलके पाणी देऊन पुन्हा वाफसा येण्याची वाट पाहावी. आपण बहुतेक जण माती न पाहता सुट्टीचा वार पाहून खणतो, आणि ओलसर असताना तुडवलेल्या वाफ्यातली विटेसारखी ढेकळे मग हिवाळाभर फोडत बसतो.

शेणखतही याच वेळी, चौरस मीटरला दोन-तीन किलो या प्रमाणात मिसळावे. मातीतील जिवाणू सेंद्रिय नत्राचे रूपांतर पिकाला घेता येईल अशा रूपात करतात. मात्र तापमान १० अंशांनी उतरले की त्यांचे काम ढोबळमानाने निम्म्यावर येते. डिसेंबरच्या थंडीत घातलेले खत म्हणूनच बराच काळ नुसते पडून राहते. खत पूर्ण कुजलेले असावे, कारण कच्च्या शेणाबरोबर हुमणी आणि वाळवी येण्याची भीती असते. पावसाळ्यात चवळी लावली असेल तर वेल उपटू नयेत, जमिनीलगत कापावेत, म्हणजे मुळांवरच्या गाठींमधील नत्र वाफ्यातच राहील.

या मोसमात मातीत चुना टाकण्याचा सल्ला इंटरनेटवर हमखास वाचायला मिळतो. तो अतिपावसाच्या प्रदेशांतील आम्लधर्मी मातीसाठी योग्य आहे, आपल्यासाठी नव्हे. विदर्भातील काळ्या मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) बहुधा ७.५ ते ८.५, म्हणजे अल्कधर्मी असतो आणि तिच्यात चुनखडीचे खडे मुळातच असतात. त्यात आणखी चुना किंवा चुलीची राख पडली, की लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळेनासे होतात. लोहाच्या कमतरतेत कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी पडले तर आधी जुनी पाने पिवळी होतात. हा फरक ठाऊक नसल्यामुळे लोहाच्या दुखण्यावर युरियाचा मारा केला जातो.

वाफे तयार झाले तरी सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरण्याची घाई करू नये. तापलेल्या मातीत त्याची उगवण विरळ होते. मेथी आणि मुळा तेवढे नाजूक नाहीत. मधल्या काळात वरची दोन बोटे माती खुरप्याने हलवत राहावी, म्हणजे भेगा बुजतात आणि त्यांच्यातून उडून जाणारी खोलवरची ओल वाचते.

रोपे वर आल्यावर आच्छादनाला पालापाचोळा लागतो, आणि येथे थोडी अडचण आहे. थंड देशांतली पानगळ शरदात होते. आपल्याकडे साग आणि पळस हिवाळा सरताना, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पाने टाकतात. तेव्हाची पाने न जाळता पोत्यांत भरून ठेवली असतील तर ऑक्टोबरात हाताशी येतात. ती वाफ्यावर पसरावीत, मातीत मिसळू नयेत, कारण कर्बाने भरलेली सुकी पाने कुजवताना जिवाणू मातीतलेच नत्र उचलतात आणि रोपे काही आठवडे उपाशी राहतात.