नियमित रीबूट आणि अपटाइम

सर्व्हर ठरावीक दिवसांनी मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या प्रथेला नियमित रीबूट म्हणतात. शेवटच्या रीबूटपासून लोटलेला काळ म्हणजे त्या यंत्राचा अपटाइम. तो होईल तितका वाढवत न्यावा असे मानणारा दुसरा पंथही जुनाच आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ‘अपटाइम’ असे टाइप केले की हा आकडा एका ओळीत समोर येतो, आणि चारशे दिवसांची ती ओळ कौतुकाने दाखवणारे अ‍ॅडमिन आजही भेटतात. लिनक्सच्या जुन्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, हे कौतुक ४९७ दिवसांनी आपोआप संपे. सेकंदाला १०० ठोके मोजणारा ३२ बिटांचा गणक तेव्हा भरून जाई, शून्यावर येई, आणि वर्षभराहून जास्त चाललेले यंत्र आत्ताच सुरू झाल्यासारखे दिसे.

भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले, या तिन्हींचे उत्तर मराठीत एकच आहे: न फिरवल्यामुळे. सॉफ्टवेअरचेही तसेच होते. घेतलेली मेमरी परत न देणारे प्रोग्रॅम, उघड्याच राहिलेल्या फाइली, दर तासाला किंचित वाढणारी गणिती चूक हे सगळे साचत जाते. बेल लॅब्जमधील संशोधकांनी १९९५ मध्ये यावरच्या उपायाला ‘सॉफ्टवेअर रीजुवेनेशन’ असे नाव दिले. बिघाड होण्याची वाट न पाहता, सोयीची वेळ गाठून यंत्रणेचा कायाकल्प करून घ्यायचा, ही त्यामागची कल्पना.

साचलेली चूक कुठवर जाऊ शकते, हे आखाती युद्धात दिसले. शत्रूची क्षेपणास्त्रे हवेतच पाडणाऱ्या अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेचे घड्याळ सुरू झाल्यापासूनचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत असे. एक दशांश हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत कधीच पुरा होत नाही. २४ बिटांत तो कापून ठेवल्यामुळे राहणारा फरक अगदी नगण्य होता, पण यंत्रणा बंदच केली नाही तर तो वाढत जाई. आठ तास सलग चालवल्यावरच नेम ढळू लागतो, हे इस्रायली सैन्याने ११ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेला कळवले होते. त्यावर ‘फार वेळ’ सलग चालवू नका, अशी सूचना तळांवर गेली. फार वेळ म्हणजे किती, हे मात्र तिच्यात नव्हते. २५ फेब्रुवारीला सौदी अरेबियातील धहरान येथील यंत्रणा १०० तासांहून अधिक काळ चालू होती आणि घड्याळ सुमारे ०.३४ सेकंदाने चुकले होते. येणारे इराकी स्कड क्षेपणास्त्र तिने चुकीच्या जागी शोधले. ते बराकीवर पडून २८ सैनिक ठार झाले. दुरुस्त सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोहोचले. तोवर एक रीबूट पुरेसा होता, आणि ते मिनिट-दीड मिनिटाचेच काम होते.

मात्र ‘रीबूट करत राहा’ हाच उपाय मानला तर सगळा भार माणसाच्या आठवणीवर येतो. कॅलिफोर्नियातील पामडेल येथील हवाई नियंत्रण केंद्रात संभाषण यंत्रणा दर ३० दिवसांनी रीबूट करण्याचा नियम होता, कारण तिचा मिलिसेकंद मोजणारा गणक ४९.७ दिवसांत संपे. सप्टेंबर २००४ मध्ये ती पाळी हुकली. यंत्रणा बंद पडली, राखीव यंत्रणाही टिकली नाही, आणि नियंत्रकांचा विमानांशी रेडिओ संपर्क तुटला. नियमित रीबूटने मूळ दोष झाकला जातो, हा टीकाकारांचा आक्षेप इथे शब्दशः खरा ठरला.

अपटाइमच्या बाजूने एरवी दिला जाणारा हिशेब मात्र बराचसा गोंधळाचा आहे. ९९.९९९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला सव्वापाच मिनिटे बंद. हा आकडा सेवेचा असतो, एकेका यंत्राचा नसतो. येणारे काम वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागे चार सर्व्हर असतील तर एकाकडे येणारी वाहतूक थांबवायची, चालू कामे संपू द्यायची, रीबूट करून तपासायचे आणि मग पुढच्याकडे वळायचे. ग्राहकाला पत्ताही लागत नाही. खरी पंचाईत एकट्या जुन्या डेटाबेस सर्व्हरची. त्याच्यासाठी मेंटेनन्स विंडो, म्हणजे सेवा बंद ठेवायची ठरलेली वेळ, मागून घ्यावी लागते. ग्राहक न्यूयॉर्कचा असेल तर त्याची शनिवारची रात्र म्हणजे हिंजवडीतली रविवारची सकाळ, आणि पोहे गार होईस्तोवर स्क्रीनसमोरून उठता येत नाही.

कर्नलचा सुरक्षा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, डिस्कवर बसवला तरी मेमरीत जुनेच कर्नल चालू असते. म्हणून चारशे दिवसांचा अपटाइम हा बहुधा चारशे दिवसांच्या न लागलेल्या पॅचचाही आकडा असतो. चालू कर्नलमध्येच दुरुस्ती करणारे लाइव्ह पॅचिंग २०१५ मध्ये लिनक्स ४.० मध्ये आले, पण प्रत्येक बदल त्यात बसत नाही.

रीबूटचा सर्वांत मोठा फायदा फारसा कोणी सांगत नाही: ती रंगीत तालीम असते. कुणी घाईत फायरवॉलचा नियम हाताने घातलेला असतो, कुणी डिस्क जोडलेली असते पण एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत, नोंद केलेली नसते. रीबूट झाला की दोन्ही नाहीसे होते, पण चालू यंत्रावर यातले काहीच दिसत नाही. महिन्याभरात रीबूट झाला तर करणाऱ्याला निदान आठवते. दोन वर्षांनी वीज गेल्यावर कळले तर तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

मर्यादा प्रोसेसरमध्येही सापडते. एएमडीच्या दुसऱ्या पिढीच्या एपिक प्रोसेसरमध्ये शेवटच्या रीसेटनंतर सुमारे १,०४४ दिवसांनी एखादा कोअर (प्रोसेसरमधला एक गणन-विभाग) गाढ झोपेच्या सीसी६ अवस्थेतून उठतच नाही. हे २०२३ मध्ये उजेडात आले, आणि दुरुस्तीचा विचार नसल्याचे कंपनीने नोंदवले. ती अवस्था बंद ठेवा, किंवा त्याआधी रीबूट करा, एवढेच दोन मार्ग तिने दिले.