गुडघ्याची झीज आणि हाडांचा ठिसूळपणा: दुखतं एक, मोडतं दुसरं

‘टोंगळे दुखायलेत, हाडं झिजली म्हणे.’ परभणी-नांदेडकडे पन्नाशीतल्या बायकांच्या तोंडी हे वाक्य इतकं बसलंय की मेडिकलवालाही पुढचं न विचारता कॅल्शियमची डबी पुढे सरकवतो. पण ‘हाडं झिजली’ या दोन शब्दांत दोन वेगळे आजार एकत्र कोंबलेले असतात. एक सांध्याचा, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. दुसरा हाडाचा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. नावं ऐकायला जुळी, वागणूक अगदी उलटी.

गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. झिजतो तो हा थर. हाडांमधली फट कमी होते, कडेला हाडाचे कोंब फुटतात. एक्स-रे बघून ‘हाड वाढलंय’ म्हणतात ते हेच. दुखणं वापराने वाढतं आणि बसल्यावर कमी होतं. सकाळी सांधा आखडतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. जिना उतरताना, उकिडवं बसून उठताना कळ येते, वाटीखाली करकर वाजतं. आखडणं तासभर टिकत असेल आणि बोटांचे लहान सांधेही सुजत असतील, तर तो तिसराच आजार, आमवात. त्यासाठी डॉक्टरांकडे लवकर जावं.

ठिसूळ झालेलं हाड मात्र दुखतच नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता झपाट्याने उतरते. आतली जाळी विरळ होते, तरी बाईला काहीच जाणवत नाही. कळतं ते न्हाणीत पाय घसरून हात टेकल्यावर मनगट मोडतं तेव्हा, किंवा घागर उचलताना पाठीत कळ येऊन मणका दबतो तेव्हा. कित्येकदा मणका दबल्याचंही कळत नाही, नुसती उंची कमी होते आणि पाठीला पोक येतं. म्हणून ‘मला तर काही दुखत नाही’ या वाक्याला हाडांच्या बाबतीत अर्थ नाही.

हे घरीच पडताळता येतं. भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं राहा, नजर समोर. डोक्यावर चौकोनी डबा सपाट धरून भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि तारीख लिहा. दर वर्षी त्याच वेळी, शक्यतो सकाळी, पुन्हा मोजा. एका वर्षात 2 सेंटीमीटर किंवा तरुणपणापेक्षा एकूण 4 सेंटीमीटर उंची उतरली असेल, तर पाठीचा एक्स-रे काढायला हवा. टाचा भिंतीला असताना डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकत नसेल, तरी हाच सल्ला.

तपासण्याही वेगळ्या. गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपवून काढला तर सांध्यावर वजन येत नाही, फट खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि ‘सगळं नॉर्मल’ असा निरोप मिळतो. दबलेला मणका एक्स-रेत दिसतो, पण नुसता ठिसूळपणा ओळखायला तो कुचकामी: साधारण तीस टक्के घनता गेल्याशिवाय त्यात काही उमटत नाही. त्यासाठी कंबरेच्या मणक्यांचा आणि खुब्याचा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, लागते. तालुक्याच्या गावी हे मशीन सहसा नसतं, लातूर-नांदेड-संभाजीनगरसारख्या शहरात जावं लागतं. गावातल्या शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून करतात ती तपासणी म्हणजे फक्त चाळणी, तिच्या चिठ्ठीवर औषध सुरू करू नये. डेक्साच्या कागदावर टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत तुमची घनता, बघा: उणे 1 पर्यंत ठीक, उणे 1 ते उणे 2.5 मध्ये घनता कमी, उणे 2.5 किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस.

इथे दोन आजार एकमेकांना झाकतात. मणक्यांच्या सांध्यांची झीज झाली की तिथे हाडाचे कोंब येतात आणि मशीनला ते घट्ट हाड वाटतं. मणक्याचा आकडा चांगला, खुब्याचा वाईट असं दिसलं तर खुब्याचा धरावा. किनवट पट्ट्यासारख्या फ्लोराइडच्या पाण्याच्या भागात तर हाडाची घनता खोटी वाढलेली येते. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, मान आणि पाठ आखडलेली असेल, तर आधी बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी.

कुणाला काय होतं? वजन जास्त, वर्षानुवर्षं उकिडवं बसून वेचणी-खुरपणी, गुडघ्याला जुना मार, अशांना गुडघ्याची झीज. अंगाने बारीक, आईचा खुबा मोडलेला, पाळी लवकर गेलेली, अशांना ठिसूळपणा. गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेचा मुद्दा मराठवाड्यात टाळून चालत नाही. बीडच्या ऊसतोड महिलांच्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली असतील, तर पस्तिशीतच पाळी गेल्यासारखी हाडं उतरू लागतात. डिस्चार्ज कार्ड शोधून अंडाशयं ठेवलीत की काढलीत ते बघा आणि डॉक्टरांना दाखवा.

व्यायामात गफलत जास्त होते. सायकल आणि पोहणं गुडघ्याला मानवतं, हाडाला त्याचा फारसा उपयोग नाही. हाडाला अंगाचं वजन पेलावं लागतं: भरभर चालणं, जिना चढणं, हातात एकेक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन उचल-ठेव. दोन्हींना चालणारा एक प्रकार सांगतो. घट्ट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर, पाय खुब्याइतके रुंद. तीन मोजत सावकाश उठा, तीन मोजत सावकाश बसा. शेवटी धपकन बसू नका. आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. फार दुखत असेल तर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, मांडी आवळून गुंडाळी पाच सेकंद दाबा आणि सोडा, असं दहा वेळा. मणका आधीच दबलेला असेल तर कंबरेतून पुढे वाकण्याची आसनं, पश्चिमोत्तानासन वगैरे, बंद. घागर उचलायची तर पाठ सरळ ठेवून, खुब्यातून वाकून, अंगाजवळ धरून. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. जवळपास सगळ्याजणी उलट धरतात.

कॅल्शियमने कूर्चा भरून येत नाही. ते हाडासाठी. पाळी गेल्यावर दिवसाला साधारण 1200 मिलिग्रॅम लागतं. पेलाभर दुधात 240 च्या आसपास, नाचणीच्या भाकरीत पावणेदोनशे, ज्वारीच्या भाकरीत जेमतेम वीस. ज्वारी चांगलीच, पण तिच्या भरवशावर हाड राहत नाही. दोन चमचे तिळात सव्वाशे असतं, मात्र सगळं अंगी लागत नाही. कमी पडेल तेवढीच गोळी, तीही एका वेळी 500 पर्यंत. कार्बोनेटची असेल तर जेवणासोबत, लोहाच्या गोळीपासून दोन तास आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, सहसा आठ आठवडे. तीच वर्षभर चालू ठेवली तर रक्तात कॅल्शियम चढून किडनीला त्रास होऊ शकतो. हाडाची आठवड्याची अ‍ॅलेन्ड्रोनेट गोळी दिली असेल तर सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहासोबत घेतली तर ती अंगात फारशी जात नाही. आडवं झालात तर अन्ननलिका भाजू शकते.

राहिल्या बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या ‘वाताच्या पुड्या’. चार दिवसांत गुडघा मोकळा होतो तो पुष्कळदा स्टेरॉइडमुळे, आणि महिनोन्‌महिने घेतलेलं तेच स्टेरॉइड हाडं पोखरतं. चेहरा गोल होणं, पोट वाढून हातपाय बारीक पडणं, साधं खरचटलं तरी काळंनिळं होणं ही त्याची खूण. पण अशी पुडी कित्येक महिने घेत असाल तर एकदम बंद करू नका, अशक्तपणा येऊन रक्तदाब कोसळू शकतो. पुडीचा कागद तसाच सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, डोस ते टप्प्याटप्प्याने उतरवतील.