‘ॲडमिन’ म्हणजे नेमका कोण? सर्व्हर व्हर्च्युअलायझेशनमधील अपग्रेड आणि परवानग्यांची पार्श्वभूमी

पुण्याजवळच्या भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. त्यामुळे तिथल्या कारखान्यांचे सर्व्हर गुरुवारी अपग्रेड होतात, हिंजवडी-खराडीकडच्या आयटी कंपन्यांची तशीच कामे शनिवारी रात्री. वार वेगळा असला तरी मदतीसाठी येणारा फोन बहुतेक वेळा सारखाच असतो. अपग्रेड पूर्ण झाले, कुठे लाल खूण नाही, लॉगिनही झाले. पण समोरची यादी रिकामी. होस्ट, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हर, दिसत नाहीत; त्यांच्यावर चालणारी आभासी यंत्रे, म्हणजे व्हीएम, दिसत नाहीत. कारखान्याचे ईआरपी मात्र त्याच व्हीएमवर व्यवस्थित चालू असते.

अशा वेळी पहिला विचार रोलबॅकचा, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परतण्याचा, येतो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. सॉफ्टवेअर नीट चढलेले असते. बदललेली असते ती लॉगिन करणाऱ्याची ओळख: काल ज्या नावाला सगळे हक्क होते, त्या नावाला आजची यंत्रणा ओळखतच नाही. हे असे का होते ते समजायला थोडे मागे जावे लागते.

फार मागे जायचे तर मेनफ्रेमपर्यंत. एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याची कल्पना १९६० च्या दशकातली, आणि १९७२ मध्ये आयबीएमच्या व्हीएम/३७० च्या रूपाने ती बाजारात स्थिरावली. नेहमीच्या पीसी-सर्व्हरमधले एक्स८६ प्रोसेसर मात्र या कामासाठी घडवलेले नव्हते. १९९९ मध्ये डेस्कटॉपवर आणि २००१ मध्ये सर्व्हरवर व्हीएमवेअर कंपनीने ते सॉफ्टवेअरच्या युक्तीने साधले. २००३ मध्ये तिचे व्हर्च्युअलसेंटर, म्हणजे सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारे सॉफ्टवेअर (पुढचे व्हीसेंटर), आले आणि चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवता येऊ लागली. त्याच वर्षी झेन हा दुसरा पर्यायही आला. प्रोसेसरमध्येच आधार मिळाला तो २००५-०६ मध्ये, आणि २००७ मध्ये केव्हीएम ही तशीच सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, दाखल झाली. परवानग्यांचा प्रश्न या काळात फारसा कुणाच्या डोक्यात नव्हता. जुन्या ईएसएक्समध्ये, म्हणजे व्हीएमवेअरच्या होस्टवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, सर्व्हिस कन्सोल होता, लिनक्ससारखाच दिसणारा आणि वागणारा. ज्याच्याकडे रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड तो मालक. बॅकअपचे एजंट, यूपीएसच्या स्क्रिप्ट, सगळे त्या कन्सोलमध्ये रूट म्हणून बसवलेले असायचे. २०१० ची ४.१ ही त्या कन्सोलची शेवटची आवृत्ती. २०११ मध्ये ५.० आली ती फक्त ईएसएक्सआयच्या, म्हणजे कन्सोल नसलेल्या, रूपात, आणि त्या स्क्रिप्टांना घरच उरले नाही. वीज गेल्यावर होस्ट नीट बंद करणारी स्क्रिप्ट आता नाही, हे काही ठिकाणी पुढच्या वेळी वीज गेल्यावरच कळले.

खरी गुंतागुंत सुरू झाली सप्टेंबर २०१२ मध्ये, व्हीस्फिअर (ईएसएक्सआय आणि व्हीसेंटर यांचा एकत्र संच) ५.१ पासून. आज दिसणाऱ्या परवानग्यांच्या निम्म्या तक्रारींचे मूळ त्या एका निर्णयात आहे असे माझे मत आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

५.१ च्या आधी व्हीसेंटर ही बहुतेक ठिकाणी विंडोजवरची एक सर्व्हिस होती. कोण आत येऊ शकतो हे ती थेट विंडोजलाच विचारायची. त्या विंडोज यंत्रावर जो ॲडमिनिस्ट्रेटर, तोच व्हीसेंटरमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर. रचना ढोबळ होती, पण समजायला सोपी. तिचा दोषही उघड होता: विंडोजचे पॅच लावणाऱ्या माणसाला केवळ त्या कामामुळे सगळ्या व्हीएमची मालकी मिळत होती. ५.१ ने ही दोरी कापली. ओळख पटवण्यासाठी सिंगल साइन-ऑन, म्हणजे एसएसओ, ही वेगळी सेवा आणली. तिचा डेटाबेस वेगळा, तिचे डोमेन, म्हणजे खात्यांचे घर, वेगळे, आणि तिचा मुख्य वापरकर्ता ‘ॲडमिन ॲट सिस्टिम-डोमेन’ हाही वेगळा. त्याचा पासवर्ड इन्स्टॉल करताना एकदाच विचारला जायचा. तो कुठेतरी लिहून ठेवायचा हे अनेकांच्या लक्षात आले नाही. त्याची मुदत ३६५ दिवसांची होती, हे तर त्याहून कमी जणांना माहीत होते.

भोसरीतल्या एका कारखान्यात २०१३ मधल्या एका गुरुवारी मी हे अपग्रेड जवळून पाहिले. सल्ला देणाऱ्याने एसएसओ वेगळ्या विंडोज यंत्रावर बसवायला सांगितले होते. कागदावर ते शहाणपणाचे दिसत होते. प्रत्यक्षात एसएसओ वेगळ्या यंत्रावर असेल तर त्याला व्हीसेंटरच्या यंत्रावरचे स्थानिक वापरकर्ते दिसत नाहीत. तिथल्या तिन्ही ऑपरेटरांची खाती स्थानिकच होती. अपग्रेड झाले आणि तिघांचेही हक्क त्या क्षणी निष्प्रभ झाले. रात्रपाळीच्या ऑपरेटरला मात्र दोन दिवस ‘तू काहीतरी बदललेस’ हेच ऐकावे लागले. त्याने काहीच बदलले नव्हते. ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही, कारण असे दोष आजही माणसांच्या माथी मारले जातात.

हा निर्णय योग्य होता का, यावर दोन बाजू आहेत. एक बाजू म्हणते की ओळख पटवण्याचे काम वेगळे करणे अटळ होते; अनेक उत्पादने एकाच दारातून चालवायची तर दार स्वतंत्रच हवे. दुसरी बाजू म्हणते की ज्या कारखान्यात चार होस्ट आणि दोन डोमेन कंट्रोलर (विंडोजची खाती सांभाळणारे सर्व्हर) आहेत, तिथे हे ओझे कशासाठी? तत्त्व पहिल्या बाजूचे बरोबर आहे. पण त्याची किंमत दुसऱ्या बाजूच्या लोकांनी मोजली. २०१३ मध्ये ५.५ आली तेव्हा एसएसओ जवळजवळ नव्याने लिहावे लागले, वेगळा डेटाबेस गेला, आणि मुख्य वापरकर्ता झाला ‘ॲडमिनिस्ट्रेटर ॲट व्हीस्फिअर डॉट लोकल’. वर्षभरात बदललेले हे नावच पहिली मांडणी कच्ची होती याची पावती आहे.

२०१५ च्या ६.० मध्ये एसएसओ, परवाने आणि सर्टिफिकेट यांची मोट बांधून प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस कंट्रोलर, अर्थात पीएससी, आला. तो व्हीसेंटरमध्येच ठेवा किंवा बाहेर वेगळा ठेवा, अशी मुभा होती. पण अनेक व्हीसेंटर एकत्र जोडायची तर तो बाहेरच हवा, असे सांगितले गेले. मोठ्या कंपन्यांनी त्याप्रमाणे रचना केली. २०१८ मध्ये ६.७ सोबत भूमिका उलटली आणि बाहेरचा पीएससी मावळतीला लागला. २०२० च्या ७.० मध्ये तो गेलाच, आणि विंडोजवरचे व्हीसेंटरही गेले. ज्यांनी कंपनीचे ऐकून रचना वेगळी केली होती, त्यांनाच ती पुन्हा एकत्र करण्याचे काम करावे लागले.

या सगळ्या प्रवासात ‘ॲडमिन’ हा शब्द फुटत गेला, आणि दुरुस्तीच्या वेळी घोटाळा त्यातूनच होतो. होस्टचा रूट हा एक ॲडमिन. व्हीसेंटर अप्लायन्सचा (व्हीसेंटर आत घालूनच मिळणाऱ्या तयार व्हीएमचा) रूट हा दुसरा. त्याचा होस्टच्या रूटशी संबंध नाही, आणि ५.५ च्या अप्लायन्समध्ये त्याचा पासवर्ड ९० दिवसांत संपायचा. एसएसओचा ॲडमिनिस्ट्रेटर हा तिसरा. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाचा रोल हा चौथा. तो माणूस नाही, हक्कांचा गठ्ठा आहे, आणि एखाद्या फोल्डरवर किंवा क्लस्टरवर (होस्टच्या गटावर) तो कुणालाही देता येतो. डोमेनचा ॲडमिन हा पाचवा. त्याला व्हीसेंटरमध्ये कुणी हक्क दिला नसेल तर तो तिथे कुणीच नाही. ‘ॲडमिनने लॉगिन केले तरी होत नाही’ अशी तक्रार आली की पहिला प्रश्न एवढाच: यातला कोणता?

रोलचीही एक खोच आहे. व्हीएमवर पूर्ण हक्क असूनही तिला नवीन डिस्क जोडता येत नाही, ही तक्रार नेहमीची. डिस्कची जागा डेटास्टोअरवर, म्हणजे व्हीएमच्या फाइलींच्या साठ्यावर, असते, तेव्हा जागा घेण्याचा हक्क तिथेही लागतो. नेटवर्क बदलायचे तर तो नेटवर्कवर लागतो. शिवाय खालच्या पातळीवर दिलेली परवानगी वरून आलेल्या परवानगीवर मात करते. चांगल्या हेतूने एखाद्या फोल्डरवर कुणाला ‘फक्त वाचन’ दिले, की त्या फोल्डरपुरते त्याचे वरचे अधिकार जातात. एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या, डेटास्टोअरचे प्रकरण याच जातीचे: होस्ट तिथे रूट म्हणून जातो, आणि स्टोरेजने रूटला सामान्य वापरकर्ता करून टाकले असेल तर जोडणी होते पण व्हीएम चालू होत नाही.

एप्रिल २०२० मध्ये ७.० आली तेव्हा पुणे टाळेबंदीत होते. नवी आवृत्ती कुणी घाईने चढवली नाही. पण त्याच सुमारास जुनीच एक गोष्ट अंगावर आली. मे २०१८ मध्ये आलेल्या ६.५ अपडेट २ पासून नव्याने बसवलेल्या व्हीसेंटरमध्ये टोकनवर (लॉगिनच्या वेळी मिळणाऱ्या ओळखचिठ्ठीवर) सही करणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत दोन वर्षांची झाली होती. त्याआधी ती दहा वर्षांची असे. ती संपली की कुणालाच लॉगिन होत नव्हते, एसएसओच्या ॲडमिनिस्ट्रेटरलाही नाही. घरून व्हीपीएनवर बसलेल्या लोकांनी पासवर्ड बदलून पाहिले, डोमेन पुन्हा जोडून पाहिले. पासवर्डचा प्रश्नच नव्हता. अप्लायन्सच्या रूटने शेलमध्ये जाऊन सर्टिफिकेट नव्याने बनवले की दार उघडायचे. वर सांगितलेले पाच ॲडमिन वेगळे का ओळखायचे, ते इथे कळते.

७.० च्या शाखेत अपग्रेडचे धक्केही बसले. जुन्या लिनक्स ड्रायव्हरांचा आधार संपल्याने काही जुनी कार्डे निकामी ठरली. बूटसाठी वापरलेली एसडी कार्डे वाढलेल्या लेखनाने खराब झाली. ऑक्टोबर २०२१ मधली अपडेट ३ तर नोव्हेंबरमध्ये मागे घ्यावी लागली आणि दुरुस्त होऊन जानेवारी २०२२ मध्ये परत आली. त्यानंतर ‘पहिली अपडेट कधीच लावायची नाही’ हा पुण्यातल्या बऱ्याच टीमचा नियमच झाला. तो सरसकट नियम म्हणून मला पटत नाही. त्याचे कारण पुढचे प्रकरण.

२०१० च्या ४.१ मध्ये होस्ट थेट ॲक्टिव्ह डिरेक्टरीला, म्हणजे विंडोज डोमेनच्या खात्यांच्या नोंदवहीला, जोडण्याची सोय आली होती. तिच्यासोबत एक डीफॉल्टही आला: डोमेनमध्ये ‘ईएसएक्स ॲडमिन्स’ नावाचा गट असेल तर त्याच्या सदस्यांना त्या होस्टवर पूर्ण हक्क. हा गट डोमेनमध्ये आपोआप असत नाही. म्हणजे डोमेनमध्ये गट बनवण्याचा अधिकार असलेला कुणीही या नावाचा गट बनवू शकत होता, त्यात स्वतःला टाकू शकत होता, आणि होस्टचा मालक होऊ शकत होता. ओळख फक्त नावावरून व्हायची. चौदा वर्षे हे असेच राहिले. खंडणीखोर टोळ्यांनी त्याचा वापर केल्याचे जुलै २०२४ मध्ये जाहीर झाले. दुरुस्ती आली ८.० अपडेट ३ मध्ये, डीफॉल्ट बंद करून. ७.० साठी पॅच नव्हता. सेटिंग हाताने बदलायचे. ज्या ठिकाणी ऑपरेटर याच गटातून प्रामाणिकपणे काम करत होते, तिथे नवा डीफॉल्ट लागू झाला की हक्कही जातात. पुन्हा तोच फोन: अपग्रेड झाले आणि आम्ही बाहेर.

नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअरची मालकी बदलली, डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवाने बंद झाले, आणि ७.० चा सर्वसाधारण आधार २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लहान कारखान्यांनी या काळात प्रॉक्समॉक्स या लिनक्सवरच्या पर्यायाकडे पाहायला सुरुवात केली. तिथेही ओळखीची दोन घरे आहेत: लिनक्सची खाती ‘पॅम’मध्ये, प्रॉक्समॉक्सची स्वतःची ‘पीव्हीई’मध्ये. एकच नाव दोन्हीकडे असले तरी ते दोन वेगळे वापरकर्ते. लॉगिनच्या चौकटीत घर चुकीचे निवडले की पासवर्ड बरोबर असूनही नकार मिळतो. स्क्रिप्टने पासवर्डऐवजी वापरायच्या एपीआय टोकनला हक्कांचे विभाजन चालू असेल तर मालकाचे हक्क पुरत नाहीत, टोकनलाही वेगळे द्यावे लागतात. बॅकअपची स्क्रिप्ट इथेच अडते. साध्या कंटेनरमधला (होस्टचेच कर्नल वापरणाऱ्या, व्हीएमहून हलक्या कप्प्यातला) रूट होस्टवर एक लाख क्रमांकाचा सामान्य वापरकर्ता असतो: खोलीचा मालक, वाड्यात भाडेकरू. म्हणून होस्टचे फोल्डर आत जोडले की सगळ्या फाइलींवर ‘नोबडी’चे नाव दिसते आणि लिहिता येत नाही. कंटेनरला जादा हक्क देऊन मोकळे होण्याची घाई इथे अनेकजण करतात. ती करू नये. होस्टवरच्या फोल्डरची मालकी त्या क्रमांकाला द्यावी.

ऑगस्ट २०२५ मध्ये प्रॉक्समॉक्सची ९.० आली आणि तिने ‘व्हीएम डॉट मॉनिटर’ हा जुना हक्क काढून टाकला. ज्यांनी स्वतः बनवलेल्या रोलमध्ये तो घातला होता, त्यांना तो रोल नव्याने मांडावा लागतो. ८ वरून ९ वर जाण्याआधी चालवायची तपासणी स्क्रिप्ट सोबत मिळते. पुण्यातल्या अनेक ठिकाणी ती अपग्रेडच्या रात्रीच चालवली जाते. ती आठवडाभर आधी, बुधवारच्या निवांत दुपारी चालवली तर सूचना वाचायला आणि कोणाचे हक्क कुठून येतात ते कागदावर उतरवायला वेळ मिळतो.